थापा मारायचा पत्त्यांचा खेळ हवाय, समुद्री प्राण्यांचा. ६ माणसं, बजेट ५००

जुळे_सोलापूर: घरात सहा जण खेळणारे. धाकटी ७ वर्षांची, आजी ७२ च्या, बाकी मधले. पान उपडं सरकवायचं, "हा खेकडा" म्हणून ठोकून द्यायचं आणि समोरच्यानं खरं की खोटं ओळखायचं, असा खेळ हवा. प्राणी समुद्रातलेच पाहिजेत, हट्ट धाकटीचा आहे. उन्हाळ्यात दुपारी दारं लावून बसल्यावर अर्ध्या तासात डाव संपायला हवा. बजेट ५००. सोलापुरात मिळालं तर बरं.

सात_रस्ता: सी सॉल्ट अँड पेपर घ्या. समुद्राचाच आहे, सगळी चित्रं कागदाच्या घड्यांची. २०२२ चा खेळ. डोळे झाकून घ्या.

पत्ते_पिसणारा: डोळे झाकूनच सांगितलंय. तो २ ते ४ जणांचा आहे, यांच्याकडे सहा. शिवाय त्यात थाप कुठंय? हातात ७ गुण झाले की थांबायचं की आणखी एक फेरी फिरवायची, एवढाच जुगार. चार जलपऱ्या जमल्या तर तिथंच जिंकलात. खेळ उत्तम, पण विचारलेला नाही.

तुम्हाला हवंय ती चाल कॉकरोच पोकरची. २००४ चा जर्मन खेळ, ६४ पानं, ८ प्राणी, प्रत्येकी ८. फक्त त्यात झुरळ, उंदीर, विंचू, वटवाघूळ अशी मंडळी आहेत.

कडक_भाकरी: झुरळं बघायला पैसे कशाला द्यायचे बे, मोरीत बघा की.

होटगी_रोड: कॉकरोच पोकरला +१. बाहेरून येतो, ५०० त बसत नाही, पण एकदाच घ्यायचाय. चांगल्या वस्तूला हात आखडू नये.

जुळे_सोलापूर: बजेट ५०० च आहे.

होटगी_रोड: हो, वाचलं. म्हणूनच म्हणतोय, थोडं वाढवा.

शेंगाचटणी: सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा बघा. १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. पहिलेच दोन रंग मत्स्य आणि कूर्म. समुद्र झाला, संस्कारही झाले, आजींनाही आवडेल.

पत्ते_पिसणारा: हाताने रंगवलेली पाठ कधीच हुबेहूब सारखी नसते. थापेच्या खेळात पाठीवर तिळाएवढा डाग ओळखता आला की डाव मेला. किमतीचं तर बोलूच नका. भिंतीवर लावायला सुंदर.

भीमाकाठ: ५० रुपयांचा पत्त्यांचा कॅट आणा आणि चॅलेंज खेळा. एक्का, दुर्री, तिर्री असं चढत जायचं, हातात नसलं तरी "दोन सत्त्या" म्हणून टाकायचं. पकडला गेला तर ढीग उचलायचा. गावात सगळे तेच खेळतात.

सात_रस्ता: सहा जणांत ५२ पानं म्हणजे ८-९ पानं येतात, फार थोडी. दोन कॅट लागतात. आणि ढीग उचलला की ७ वर्षांच्या हातात तीस पानं! रडारड ठरलेली.

पत्ते_पिसणारा: इथं भीमाकाठच्या अर्ध्या सल्ल्यात खरा उपाय आहे, नीट वाचा.

एकाच पाठीचे दोन कॅट घ्या. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत पानं काढा. प्रत्येक आकड्याची ४ + ४ = ८ पानं, आकडे ८, म्हणजे बरोबर ६४. हाच कॉकरोच पोकरचा संच. पानाच्या तोंडावर गोल स्टिकर चिकटवा. एक्का शार्क, दुर्री खेकडा, तिर्री कासव, असं. नव्वीपासून राजापर्यंतची ४० पानं सुटी राहतात, हरवलं-फाटलं तर स्टिकर बदलून वापरा. दुकानात लाल-निळी जोडी पुढे करतात, तिथंच अडवा. दोन्ही लालच. आणि एकाच खोक्यातले. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही लाल रंगाची छटा फिरते.

चाल अशी. तुम्ही एक पान उपडं करून कुणासमोरही सरकवता आणि प्राण्याचं नाव घेता. त्याला दोन वाटा. एक, "खरं" किंवा "खोटं" म्हणून उलटायचं. ओळखलं तर पान तुमच्यासमोर सुलटं पडतं, चुकला तर त्याच्यासमोर. दुसरी वाट, गुपचूप बघायचं आणि ज्यानं अजून बघितलं नाही अशाकडे ढकलायचं. नाव तेच ठेवा किंवा बदला. शेवटच्याला मात्र ओळखावंच लागतं. पान ज्याच्यासमोर पडलं त्याची पुढची पाळी. समोर एकाच प्राण्याची चार पानं जमली की तो हरला, डाव संपला. पाळी आली आणि हात रिकामा असला तरी हरला. जिंकणारा कुणी नाही, हरणारा एकच.

होटगी_रोड: ६४ सहा जणांत सारखी वाटली जात नाहीत. चौघांना ११, दोघांना १०.

पत्ते_पिसणारा: चालतं.

होटगी_रोड: सांगून ठेवलं.

मालवणी_सोलापुरात: प्राणी शार्क-डॉल्फिन कसले घेताय? बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील, माकूळ, शेवंड, तिसऱ्या, कुर्ली. पोरांना मासे तरी कळतील. सोलापुरात मासा म्हटला की उजनीची चिलापी!

भीमाकाठ: चिलापीला नावं ठेवू नका.

कडक_भाकरी: चिलापी गोड्या पाण्यातली. धागा समुद्राचा आहे. रोहू-कटलाही बाद.

शेंगाचटणी: आजी माळकरी असतील तर हातात बांगडा कसा धरतील?

भीमाकाठ: चित्र आहे हो ते. तळायचं नाहीय.

मालवणी_सोलापुरात: मत्स्यावतार चालतो, बांगडा चालत नाही?

पत्ते_पिसणारा: माळेचं आजी बघतील. बांगडा, सुरमई आणि तारली छोट्या चित्रात सारखेच दिसतात, अडचण ती आहे. पान बघणाऱ्याला अर्ध्या क्षणात कळलं पाहिजे. रेंगाळला की समोरच्याला वाटतं थाप शोधतोय. नावाचंही तेच. आठवायला वेळ लागणारं नाव घेऊ नका. "अं... शेवंड" म्हणताना खरं बोलणाराही चोर दिसतो. बाह्याकार पूर्ण वेगळे घ्या. खेकडा, कासव, शार्क, ऑक्टोपस, समुद्रघोडा, तारामासा, जेलीफिश, शिंपला. आठही बालवाडीतल्या पोराला येतात.

सात_रस्ता: तारामासा आणि जेलीफिश मासे नाहीत.

कडक_भाकरी: समुद्रघोडा मात्र मासाच आहे. घोडा नाही.

एमआयडीसी_प्रिंट: स्टिकर लावू नका. स्टिकरनं पान एका जागी जाड होतं, पिसताना अडकतं, महिन्यात कडा सुटतात आणि धूळ चिकटते. छापून घ्या. ३०० जीएसएमचं (कागदाच्या वजनाचं माप) जाड आर्ट कार्ड, पूर्ण शीट १२ × १८ इंच. ६३ × ८८ मिमीचं पान एका शीटवर २१ बसतं, म्हणजे तीन शीटवर ६३. एक पान कमी! त्या एकासाठी चौथी शीट जाते. ५७ × ८७ चा आकार घ्या, २५ बसतात, तीन शीटवर ७५. लहान हातालाही तेच सोपं.

पाठीला चौकट ठेवू नका. दोन्ही बाजू छापताना मागची बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतेच. चौकट असली की कुठल्या पानाची कड जाड, कुठल्याची बारीक, लगेच ओळख पटते. बारीक ठिपके किंवा लाटा कडेपर्यंत भरा. लॅमिनेशन मॅट आणि दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूनं केलं तर आपल्या कोरड्या हवेत पान पापडासारखं वळतं. कोपरे पंचनं गोल करा, टोकदार कोपरा आधी दुमडतो.

होटगी_रोड: ५०० त होईल का हे?

एमआयडीसी_प्रिंट: छपाई होईल. डिझाइन करणारा फुकट पाहिजे.

सात_रस्ता: ७ वर्षांच्या हातात ११ पानं मावत नाहीत, पंखा करताना पडतात आणि सगळ्यांना दिसतात. त्यावर कुणी बोललं नाही. कपडे घासायचा नवा ब्रश उलटा ठेवायचा, पानं त्याच्या दातऱ्यांत उभी राहतात.

पत्ते_पिसणारा: ब्रशचं चांगलंय. लहानांसाठी पहिले काही डाव ५ प्राणी, ४० पानांचे करा आणि तीन जमली की हरला. आणखी एक. सहा जणांत सगळे मिळून एकालाच पानं ढकलत बसतात, विशेषतः ज्याच्यासमोर एकाची तीन आहेत त्याला. तो डावाचाच भाग आहे, पण धाकटीवर तसं करू नका. लागोपाठ दोनदा एकाच माणसाला द्यायचं नाही, असा घरचा नियम ठेवा.

जुळे_सोलापूर: सगळ्यांचे आभार. ठरलं. छापायचं नाही, स्टिकरही नाही. धाकटी स्वतः काढणार. प्राणी आठ नाहीत, नऊ. नववी चिलापी, कुणाचं ऐकायला तयार नाही.

कडक_भाकरी: गोड्या पाण्यातली!!

भीमाकाठ: शाब्बास पोरी.

एमआयडीसी_प्रिंट: हातानं काढलेलं थापेच्या खेळात चालत नाही. बॉलपेन दाबलं की मागे उठतं, स्केचपेन पाझरतं.

पत्ते_पिसणारा: ऐकत नसाल तर निदान असं करा. साध्या कागदावर काढू द्या, पानाएवढे तुकडे कापा. अपारदर्शक पाठीचे स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, घ्या, १०० चा संच. प्रत्येकात मागे जुनं पत्त्याचं पान, पुढे तिचं चित्र. नुसता कागद लुळा पडतो, पत्त्यानं ताठ राहतो. पाठ सगळ्यांची एकच, त्यामुळे मागचे कॅट लाल-निळे असले तरी बिघडत नाही. आधी पत्ता मोजा. ५७ रुंदीचा पत्ता ६३ च्या स्लीव्हमध्ये हलतो. स्लीव्हमधली पानं सगळी एकदम पिसू नका, दोन ढीग करून पिसा.

होटगी_रोड: नऊ प्राणी, म्हणजे ७२ पानं. सहा जणांत १२-१२. आता सारखी वाटली जातात.