मदत हवी आहे: दगडावरचं बोन्साय पानं गाळतंय, लवकर सांगा

खडकवेडा: दगड मी स्वतः कोरला, मुळं बसावीत म्हणून खाचा पाडल्या, दोन वर्षं मुळं बांधून मातीत पुरून ठेवलं. मस्त पकड धरली. आणि आता रोज सकाळी खाली पंधरा-वीस पानं! काही पिवळी, काही चक्क हिरवीच. पाणी नेहमीसारखंच. काय फवारू?

छिन्नी_हातोडी: झाड कोणतं? दगड कोणता? नेहमीसारखं म्हणजे किती?

खडकवेडा: फायकस, वड-पिंपळाच्या कुळातलं, आणखी काय असणार. दगड पांढरा, मऊ, कानशीनंही घासला जातो. पाणी रोज.

मातीत_हात: मग दगडातच घोळ आहे. व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी. मातीचा सामू (pH) चढतो, झाडाला लोह घेता येत नाही. माझं अझेलिया असंच गेलं.

पारंबी: अझेलियाला आम्ल माती लागते हो. वड-पिंपळ चुन्याच्या जुन्या भिंती फोडून वर येतात, त्यांना काय चुन्याचं! शिवाय लोह कमी पडलं तर आधी नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. हिरवी पानं अशी टपाटप गळत नाहीत.

मातीत_हात: भिंतीतला पिंपळ वेगळा, उथळ ट्रेमधलं झाड वेगळं. असो, मी अनुभव सांगितला.

शिळाप्रेमी: कोरलेल्या दगडाला सुईसेकी, म्हणजे जपानी पद्धतीनं मांडलेला शोभेचा दगड, म्हणू नये. तिथे दगड निसर्गानंच घडवलेला हवा. कोरायचं ते त्याचं लाकडी आसन, दाइझा.

छिन्नी_हातोडी: सुईसेकी म्हटलं कोणी इथे? आणि बूड कापून सपाट केलेले दगड तुमच्यातच मांडतात, तेव्हा निसर्ग कुठे जातो? दाइझाचं म्हणाल तर तेही करतो मी. दगडाच्या बुडाला खडू फासायचा, लाकडावर टेकवायचा, डाग उमटेल तेवढंच पटाशीनं काढायचं, पुन्हा टेकवायचा. परवा एका जागी जरा जास्त गेलं, आता दगड डुगडुगतोय. डोक्यात जातं अगदी.

हिरवी_फांदी: जुनिपर घरात ठेवू नका. मुळं मेली तरी कित्येक आठवडे हिरवं दिसतं, फसायला होतं.

पारंबी: जुनिपर नाहीये हो ते! पण बरं आठवण केलीत. खडकवेडा, झाड ठेवलंय कुठे?

खडकवेडा: हॉलमध्ये, शोकेसवर. गेल्या रविवारी मुळांवरची पट्टी सोडली, दगड दिसायला लागला, म्हणून गच्चीवरून आत आणलं. त्याचा काय संबंध?

पारंबी: अहो, हे आधी सांगायचं ना! फायकसची जागा बदलली की तो रुसून पानं गाळतो. त्यात उजेड एकदम कमी, मुळं त्याच दिवशी उघडी, आणि पाणी मात्र गच्चीवर लागायचं तेवढंच. फवारू काहीच नका. खत नको, कुंडी बदलणं नको. बाहेर भरपूर उजेडाच्या सावलीत ठेवा, उघड्या मुळांवर ओलं शेवाळ लपेटा, वरची माती सुकली की मगच पाणी. आणि फांदी नखानं जरा खरवडून बघा.

धूळधाण: दगड कोरताना मास्क लावता ना? ओला करून घासत जा.

खडकवेडा: खरवडली. आत हिरवी आहे, पांढरा चीक आला, बोटाला चिकटला.

पारंबी: मग जिवंत आहे. आजच बाहेर न्या.

खडकवेडा: नेलं. पण शनिवारी पाहुणे येताहेत, दोन तास आत आणलं तर चालेल का?