वाटपाच्या दाव्याचा निकाल विरोधात गेला, अपील कुठं करायचं?

अक्कलकोटहून:
नमस्कार. चुलत्यांनी घातलेल्या वाटपाच्या दाव्याचा निकाल गेल्या मंगळवारी लागला. कोर्ट अक्कलकोटचंच, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं विहिरीचं रानसुद्धा एकत्र कुटुंबाचं धरलं. भावकी म्हणते थेट हायकोर्टात जा. वडील म्हणतात, अजून मोजणी कुठं झालीय, तेव्हा बघू. काय करावं?

जुना कारकून, सोलापूर:
ताई, आधी निकालाच्या नकलेचा अर्ज द्या, बाकी सगळं नंतर. मी बारा वर्षं नक्कल विभागात काढली. दोन दिवसांनी मुदत हुकली म्हणून खिडकीपाशी रडलेली माणसं पाहिली आहेत.

थेट हायकोर्ट नाही. कनिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावरचं, म्हणजे निकालाप्रमाणे कोर्टानं काढलेल्या आदेशावरचं, पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, तुमचं सोलापूरला. मुदत 30 दिवस. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. नकलेवर शिक्का असतो: अर्ज कधी दिला, तयार कधी झाली, नेली कधी. तयार होऊन पडून राहिली तर ते दिवस तुमच्याच मुदतीतून जातात.

आता वडिलांसाठी. हा प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती एवढंच ठरलंय. शेताचं प्रत्यक्ष वाटप पुढं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल. पण हिश्शावर भांडायचं ते आत्ताच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 97 प्रमाणे प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो मुद्दा काढता येत नाही. मोजणीची वाट बघत बसलात तर विहीर हातची गेली.

जिल्हा न्यायालय साक्षीपुरावा नव्यानं तपासतं, खरेदीखत, जबाब, सगळं. हायकोर्टात दुसरं अपील चालतं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. रान कुणाच्या पैशाचं, हे पटवायची खरी जागा सोलापूरच.

पंढरपूरचा वकील:
कारकूनकाकांशी पूर्ण सहमत. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. नुसतं अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. पुढं हायकोर्टाची वेळ आलीच, तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचंच सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू आहे, सोलापूर जिल्हा त्यातच येतो.

अक्कलकोटहून:
काका, आज सकाळी वडिलांना घेऊनच कोर्टात गेले. नकलेचा अर्ज दिला, पावती घेतली. कलम 97 त्यांना दोनदा वाचून दाखवलं. खरेदीखत आता ट्रंकेतून काढतायत.