बेटी फोर्ड : आजार उघड करणे हे आरोग्यकार्य मानावे का?

सुमेधा :
गेराल्ड फोर्ड 9 ऑगस्ट 1974 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोन महिने उलटायच्या आत, 28 सप्टेंबरला, त्यांच्या पत्नी बेटी यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. चारचौघांत या आजाराचे नावही घेतले जात नसे, अशा काळात त्यांनी तो लपवला नाही. त्यानंतर तपासणीसाठी स्त्रियांची एवढी रीघ लागली की नव्या निदानांच्या आलेखात त्या वर्षी ठळक उंचवटा दिसतो. फोर्ड यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलेले नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी यांनाही काही आठवड्यांतच हे निदान झाले. माझ्या मते हे कोणत्याही सरकारी मोहिमेच्या तोडीचे काम आहे.

माधव :
सुमेधाताई, मी सहमत नाही. बेटी यांना भूल दिल्यावर गाठ तपासली गेली, कर्करोग निघाला आणि त्या शुद्धीवर येण्याआधीच स्तन काढून टाकला गेला. निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी व्हावी, मधल्या दिवसांत स्त्रीला विचार करता यावा, असा आग्रह त्याच वर्षी स्वतः या आजारातून गेलेल्या पत्रकार रोझ कुश्नर धरत होत्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने 1979 मध्ये हीच दोन टप्प्यांची पद्धत उचलून धरली. मग खरे आरोग्यकार्य कुश्नर यांचे नव्हे काय? बेटी यांच्या वाट्याला प्रसिद्धी आली ती पतीच्या पदामुळे.

रेवती :
माधवराव, त्या काळच्या प्रचलित पद्धतीचा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शिवाय 1978 मध्ये पतीचे पद उरले नव्हते. मानेच्या दुखण्यावरील गोळ्या आणि मद्य यांच्या आहारी गेलेल्या बेटी यांना घरच्यांनी एकत्र बसून ते स्पष्ट सांगितले, तेव्हा त्या आधी संतापल्या, पण लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात दाखल झाल्या. तिथे इतर तीन स्त्रियांबरोबर एकाच खोलीत राहायचे होते. त्यांनी नकार दिला, तेव्हा डॉक्टरांनी, तसे असेल तर त्या तिघींना बाहेर काढावे लागेल, असे सुनावले आणि बेटी तिथेच राहिल्या. मला हा प्रसंग त्यांच्या सर्व सन्मानांहून मोलाचा वाटतो. पुढे 1982 मध्ये उद्योगपती लेनर्ड फायरस्टोन यांच्या साथीने त्यांनी कॅलिफोर्नियातील रँचो मिराज येथे व्यसनमुक्ती केंद्र उभारले आणि तिथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी ठेवल्या.

माधव :
केंद्राचे मोल मी नाकारत नाही. पण अशा उपचारांचा खर्च गरीब बाईला कसा झेपणार?

सुमेधा :
हाच प्रश्न घेऊन बेटी 1994 मध्ये, फोर्ड यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांच्यासह सिनेटच्या समितीपुढे गेल्या होत्या. मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीचे उपचार आरोग्यविम्यात यावेत, ही त्यांची मागणी होती. पती पक्षाने एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि या दोघी एकाच बाजूने बोलत होत्या.

माधव :
ही मागणी मला मान्य आहे. कुश्नर यांच्याविषयीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.