जेंटू: एक यूज फ्लॅग बदलला की साठ पॅकेजेस पुन्हा कंपाइल

पांढरकवडा_टर्मिनल:
लॅपटॉप जुना, रॅम 4 जीबी, त्यावर जेंटू (सोर्सपासून पॅकेजेस कंपाइल करणारं लिनक्स). मेक.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत यूज ओळीत एकेक फ्लॅग (पॅकेजमध्ये कोणती सोय हवी ते सांगणारा शब्द) वाढवत गेलो. आता एफएफएमपेग या व्हिडिओ पॅकेजसाठी एक्स265 टाकला, तर इमर्ज (पॅकेज बनवून बसवणारी कमांड) साठ पॅकेजेस पुन्हा बनवायला काढते. मधातच लाइन जाते. काहून होते असं? एकाच पॅकेजपुरता फ्लॅग कसा लावू?

कापूसकोंड्या:
मेक.कॉन्फमधला फ्लॅग सगळ्या सिस्टीमला लागतो भाऊ. तो ज्या ज्या पॅकेजात आहे, ते पुन्हा बनणारच. सगळीकडे हवे तेवढेच फ्लॅग तिथे ठेवा.

एटीसी/पोर्टेज/पॅकेज.यूज ही डिरेक्टरी करा, आत एफएफएमपेग नावाची फाइल, त्यात एकच ओळ (इथे देवनागरीत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये):

मीडिया-व्हिडिओ/एफएफएमपेग एक्स265

मग इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज चालवून बघा (नुसतं दाखवते, बनवत नाही). जो फ्लॅग हिरवा अन् त्यापुढे तारा, तो बदललेला. पटलं तर --आस्क --वनशॉट. वनशॉट नाही दिलं तर पॅकेज वर्ल्ड फाइलीत (तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजेसची यादी) जाऊन बसतं, पुढे नको ती पॅकेजेस काढणारं डेपक्लीन त्याला हात लावत नाही.

मेक.कॉन्फमधले जुने फ्लॅग छाटले की एकदा मोठं कंपाइल होईल, ते टळत नाही. अन् कमांडच्या आधी त्याच ओळीत यूज लिहून पॅकेज बनवू नका, पुढच्या अपडेटला ते विसरलं जातं.

वर्धेकाठ:
@वर्ल्ड अपडेटला (सगळ्या सिस्टीमच्या) --न्यूयूज देत असाल तर --चेंज्ड-यूज द्या. रिपॉझिटरीत (जेंटूच्या पॅकेजांच्या भांडारात) नवा फ्लॅग आला आणि तुम्ही तो चालू केलेला नसला, तरी न्यूयूज पॅकेज पुन्हा बनवतो. चेंज्ड-यूज ते सोडून देतो.

भारनियमनाचं म्हणाल तर लाइन आणि नेट असताना --फेचओन्ली (नुसतं डाउनलोड) करून घ्या. लाइन गेल्यावर --रिझ्यूम चालतं, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज मुळापासूनच सुरू होतं. एका जॉबला (एका वेळी चालणाऱ्या एका कंपाइलच्या कामाला) साधारण 2 जीबी रॅम धरा, म्हणजे तुम्हाला -जे2. वेबकिट-जीटीकेसारख्या धिप्पाड पॅकेजला -जे1: एटीसी/पोर्टेज/एन्व्हमध्ये फाइल करून त्यात मेकऑप्ट्स (-जे1 ची ओळ) लिहा, अन् पॅकेज.एन्व्हमध्ये पॅकेजच्या नावापुढे त्या फाइलीचं नाव.

पांढरकवडा_टर्मिनल:
फाइल केली. पण दुसऱ्या एका पॅकेजचा फ्लॅग वजा (बंद) करूनही चालूच दिसते.

कापूसकोंड्या:
पॅकेज.यूजमधली झेडझेड-ऑटोअनमास्क ही फाइल बघा, इमर्जने स्वतः सुचवलेल्या ओळी तिच्यात जातात. डिरेक्टरीतल्या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात, शेवटची जिंकते. डिस्पॅच-कॉन्फला (सेटिंगमधले बदल मंजूर करायचं साधन) न वाचता हो म्हटलं की तिथे अशा ओळी साचतात. ती ओळ काढा, पण आधी बघा, दुसरं कुठलं पॅकेज त्या फ्लॅगवर अडून असेल तर इमर्ज तो पुन्हा मागेल.