चर्चा : ७ पैकी ५ म्हणजे ७१ टक्के नव्हे

बाणेरची_आई
मुलगी आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या एमवायपीत, म्हणजे दहावीपर्यंतच्या टप्प्यात आहे, वय बारा. परवा विज्ञानात ७ पैकी ५ ग्रेड आली. सासऱ्यांनी लगेच हिशेब मांडला, "७१ टक्के. एवढी फी भरून?" तेव्हापासून घरात हाच विषय.

हा हिशेबच चुकतोय. विज्ञानाला चार निकष आहेत: समज, प्रयोगाची आखणी, निरीक्षणांवरून निष्कर्ष आणि विज्ञानाचा जगण्यावरचा परिणाम. प्रत्येकी ८, एकूण ३२. १९ ते २३ मिळाले की ग्रेड ५. तिला ७, ६, ३ आणि ५ पडले, म्हणजे २१. माझ्या दृष्टीने त्यातला तो ३ सगळ्यात मोलाचा. पावावरच्या बुरशीच्या प्रयोगात चौथ्या दिवशीचा आकडा तिने गाळला होता, कारण तो बाकीच्यांशी जुळत नव्हता. बाईंनी समासात लिहिलं, "जुळत नाही तो आकडा आधी मांड." त्याच संध्याकाळी तिने ओट्यावर नवीन पाव मांडले. आम्ही दहावीला प्रयोगवही ताईच्या वहीतून उतरवायचो आणि पूर्ण गुण घ्यायचो. काय येत नाही हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सदाशिव_पेठ
ताई, मी बोर्डाच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. समासात असा शेरा लिहायला मलाही आवडलं असतं, पण माझ्या वर्गात साठ मुलं होती. आणि ३ की ५ हे ठरवतं कोण? शाळेतल्याच बाई. निकषांतल्या 'बऱ्यापैकी' आणि 'सखोल' या शब्दांतली रेघ कुठे मारायची? दहावीचा पेपर अनोळखी माणूस तपासतो. पालकाची फी आणि मुलाचा गुण यांच्यात तेवढं अंतर हवंच.

आयबीत_शिकवते
सर, पुढे आयबीच्या डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीला, तसं अंतर आहे. लेखी पेपर बाहेरचे परीक्षक तपासतात. शाळेने तपासलेल्या कामाचे नमुनेही बाहेर जातात आणि गुण सैल दिले असतील तर खाली येतात. एमवायपीत मात्र बहुतेक सगळं शाळेवर असतं, हे तुमचं म्हणणं मान्य.

हिंजवडीचा_बाबा
माझा मुलगा डिप्लोमा करतोय. सहा विषयांचे ४२ गुण आणि निबंधासारख्या जादा कामाचे वरचे ३, एकूण ४५. त्यात ४,००० शब्दांचा निबंध. तो उत्तम विचार करतो, उत्तम लिहितो. पण त्याला इथेच, पुण्यात इंजिनिअरिंग करायचंय. त्यासाठीच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेत १८० मिनिटांत १५० प्रश्न, तेही अकरावी-बारावीच्या राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर. डिप्लोमाचे पेपर एप्रिलअखेरपासून मेपर्यंत, सीईटीही त्याच सुमारास, आणि डिप्लोमाचा निकाल जुलैत. रात्री साडेदहाला क्लासहून आल्यावर तो निबंधाला बसतो. प्रवेश घेताना शाळेने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तुमची मुलगी लहान आहे, बारावीनंतर कुठे शिकायचं याचं बोलणं आत्ताच करा.

बाणेरची_आई
दादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या पालकसभेत विचारते. पण सातवीतल्या मुलीचा अभ्यास सीईटीच्या मापाने कापायला मी तयार नाही. दहावीनंतर बोर्ड बदलावं लागलं तर बदलू, दोन वर्षं जड जातील. आज सहावा दिवस आहे, वहीत सहाही आकडे आहेत. चौथ्या दिवशीचा याही वेळी जुळला नाही आणि तो कशामुळे, हे ती स्वतः शोधतेय.