वर्गखोली बदलली आणि मुलंच बदलल्यासारखी वाटतायत

खडूची_धूळ

सहावीला मराठी आणि विज्ञान शिकवते. पटावर 43 मुलं. सहामाहीनंतर आमची खोली बदलली. आधीची व्हरांड्याच्या टोकाला, छोटी, जरा अंधारी. आताची ऐसपैस, उंच छताची, नवा रंग दिलेली, खिडक्या थेट रस्त्यावर. ही खोली मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता.

दोन महिन्यांत वर्गाची रयाच गेली. मधल्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या तासाला निम्मी मुलं पेंगतात. एका प्रश्नाला दहा हात वर व्हायचे, आता तीन होतात, तेही पहिल्या बाकांवरचे. श्रुतलेखनात या मुलांच्या इतक्या चुका मी कधी पाहिल्या नव्हत्या. वरिष्ठ म्हणतात, वयच तसं आहे, शिस्त लावा.

एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहायला बसले. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने 'पाठ' ऐवजी 'पाट' लिहिलं आणि 'खडा' ऐवजी 'कडा'. मी दोन्ही शब्द वीस-वीस वेळा लिहायला लावले. रात्री निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या, तर त्याच आठवड्याच्या निबंधात त्याने 'पाठ' दोनदा लिहिलेला, दोन्ही वेळा अचूक. म्हणजे शब्द त्याला येत होता. मग माझ्या तासाला तो का चुकला?

खोलीमुळे एवढा फरक पडतो का? आणि पडत असेल तर हाताशी कुठलंही यंत्र नसताना तो ओळखायचा कसा?

ध्वनिरेषा

ताई, त्या मुलाने जे ऐकलं ते बरोबरच लिहिलं.

इमारतींमधल्या आवाजाचं नियोजन हे माझं रोजचं काम आहे. 'ट' आणि 'ठ' यांच्यात फरक असतो तो श्वासाच्या एका छोट्या झोताचा. फार हलका आवाज असतो तो. स्वर जोरकस, ते शेवटच्या बाकापर्यंत पोचतात. हा झोत मात्र रस्त्याच्या आवाजात बुडतो. त्यात तुमचं छत उंच आणि भिंती बोडक्या. 'पा'चा घुमारा विरायच्या आत 'ठ' येतो आणि त्याखाली दबून जातो. तुम्ही आवाज चढवलात तर घुमाराही तेवढाच चढतो.

तुम्हाला त्या खोलीत काही खटकलं नाही याचं कारणही सांगतो. अर्धवट ऐकू आलेला शब्द मोठी माणसं वाक्याच्या ओघात आपोआप पुरा करतात. मुलांकडे शब्दांचा साठा कमी, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत घडतच असते. श्रुतलेखनात तर सुटे शब्द, ओघ नाहीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तास चालू असताना वर्गात बोलण्याखेरीजचा आजूबाजूचा आवाज 35 डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि घुमारा साधारण 0.6 सेकंदांत विरावा.

न्यूयॉर्कचं एक उदाहरण मी शाळांच्या प्रत्येक बैठकीत देतो. मॅनहॅटनमधल्या एका शाळेच्या अगदी शेजारून उन्नत मार्गावरची रेल्वे जायची, दर चार-पाच मिनिटांनी. रुळांच्या बाजूच्या खोल्यांमधली मुलं आणि मागच्या शांत बाजूची मुलं यांच्या वाचनाची तुलना अर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केली. शाळा तीच, अभ्यासक्रम तोच, तरी गोंगाटाच्या बाजूची मुलं मागे होती आणि वरच्या इयत्तांमध्ये हे अंतर वर्षभराच्या आसपास गेलं होतं. नंतर रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, खोल्यांची छतं आवाज शोषणारी केली. 1981 च्या दुसऱ्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं सारखी वाचत होती.

यंत्र नको. वर्ग रिकामा असताना मधोमध उभ्या राहा, एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आलं तर घुमारा जास्त आहे. भरल्या वर्गात तो थोडा कमी होतो, पण अंदाज येतो. नंतर सहकाऱ्याला तुमच्या जागेवरून ट-ठ, क-ख, प-फ अशा जोड्यांचे शब्द वाचायला सांगा आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसून लिहा. वाचताना त्यांनी तोंडापुढे कागद धरावा, नाहीतर ओठ बघून तुम्ही ओळखाल.

पस्तीस_वर्षं_फळ्यासमोर

वरच्या सरांनी आवाजाचं सांगितलं. मी पेंगण्याबद्दल लिहितो.

रस्त्याचा आवाज येतो म्हणून तुम्ही खिडक्या लावून घेत असणार. 43 मुलं आणि तुम्ही, 44 जणांचे श्वास एका बंद खोलीत. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. भरलेल्या बंद वर्गात तो पाहता पाहता हजाराच्या वर जातो आणि दोन तासांत दोन हजारही ओलांडू शकतो. मुलं पेंगतात ती नेमकी याच वायूमुळे, की कोंडलेल्या हवेतल्या इतर गोष्टींमुळे आणि उष्म्यामुळे, यावर संशोधकांचं एकमत नाही. मला त्याने फरक पडत नाही. आकडा चढला म्हणजे हवा खेळत नाही, एवढं पुरे. आणि याची खूण तुमच्या नाकाशी आहे: मधल्या तासाला पाच मिनिटं बाहेर जाऊन या आणि दारात एक श्वास घ्या. आत बसलेल्याला तो वास कळत नाही.

आता एक थोडं कडवट. हात कमी वर होण्याचा सगळा दोष खोलीवर टाकू नका. मेरी बड रो या बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. खोली बदलल्यापासून वर्ग बसलेला पाहून तुम्ही घाई करत असाल. मीही अशी वर्षानुवर्षं केली. प्रश्न विचारून मनात एक-दोन-तीन मोजायला लागलो तेव्हा पहिले काही दिवस ती शांतता अंगावर यायची. तिसऱ्या आकड्याला मागच्या बाकावरचा हात हळूच कोपरापर्यंत वर यायचा. त्याच्याआधी मी तो हात कधी पाहिलाच नव्हता.

दोन_वेण्या

मी बालवर्गाला शिकवते, एकच सूचना. घुमारा कमी करायला भिंतींवर मऊ फलक लावाल, जरूर लावा. पण फळ्याच्या भिंतीवर तक्ते आणि चित्रांची गर्दी नको. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये बालवर्गातल्या 24 मुलांवर प्रयोग केला. चित्रांनी भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि शिकवलेलं कमी लक्षात राहिलं. मुलं थोडी होती आणि वयाने लहान, त्यामुळे सहावीला तसंच्या तसं लागू होईल असं म्हणत नाही. मी स्वतः सगळं मागच्या भिंतीवर नेलं.

खडूची_धूळ

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

टाळीमागे शेपूट होतं, चांगलं लांब. मग विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी कागदाआडून वीस शब्द वाचले आणि मी त्या मुलाच्याच जागेवर बसून लिहिले. पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय आणि माझे सहा शब्द चुकले. 'फळ'चं 'पळ' मी इतक्या खात्रीने लिहिलं होतं की ते चूक आहे हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीतली ती चाळीस ओळींची शिक्षा मी खोडली आणि चूक माझी होती असं सगळ्या वर्गासमोर सांगितलं. तो काही बोलला नाही. पण मागच्या दोन बाकांवरून लगेच आवाज आले, "बाई, आम्हालाही ऐकू येत नाही." दोन महिने त्यांना वाटत होतं की इतरांना ऐकू येतंय.

आता श्रुतलेखन मी दोन रांगांच्या मध्ये उभी राहून घालते आणि प्रत्येक शब्द आधी वाक्यात म्हणते. मागच्या भिंतीवर कापडी फलक लागलेत. बाकांच्या पायांखाली पालकांनी जाड कापडाचे तुकडे चिकटवून दिले. चुका जवळजवळ जुन्या खोलीत होत्या तितक्या कमी झाल्यात. तीन आकडे मोजते, अवघड जातं, पण मोजते.

हवेचं मात्र जमत नाहीये. खिडक्या उघडल्या की रस्ता आत येतो, लावल्या की मुलं पेंगतात. काय करू?

ध्वनिरेषा

दिवसभराचा एकच नियम करू नका. मधल्या सुट्टीत आणि दोन तासांच्या मध्ये सगळ्या खिडक्या आणि दार एकदम सताड उघडा, आरपार वारा गेला की काही मिनिटांत हवा बदलते. लेखनकाम, चित्रकला, गणितं सोडवणं चालू असेल तेव्हा उघड्याच ठेवा. जिथे तुमचा शब्द न् शब्द ऐकू यायला हवा, तेवढा वेळ रस्त्याकडच्या लावा आणि व्हरांड्याकडच्या उघड्या ठेवा. आणि वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर श्रुतलेखन पहिल्या तासाला घ्या.