मदत हवी आहे : कुष्ठरोगाचा जंतू पेशीला ओळखू येत नाही, की ओळखूनही मारला जात नाही?

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. कुष्ठरोग शोध मोहिमेपूर्वी परिसरातील आशाताईंसाठी एक वर्ग घ्यावा, असे प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुचवण्यात आले असून त्याच्या तयारीत मी दोन ठिकाणी अडलो आहे. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावे ऐकतच आपल्याकडची माणसे मोठी होतात, त्यामुळे पुनर्वसनाविषयी मराठीत पुष्कळ वाचायला मिळते. जंतू पेशीच्या आत काय करतो, याविषयी मात्र चार ओळींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू मॅक्रोफेजमध्ये आणि नसांभोवतीच्या श्वॉन पेशींमध्ये राहतो, हे मला ठाऊक आहे. त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मॅक्रोफेजचे तर कामच जंतू गिळून पचवण्याचे. मग इतका संथ जंतू तिथे वर्षानुवर्षे टिकतो कसा? तो ओळखूच येत नाही, की ओळखूनही मारला जात नाही?

दुसरा प्रश्न एका आशाताईंचा आहे. एमडीटी (कुष्ठरोगावरील अनेक औषधांचा एकत्रित उपचार) चालू असलेल्या रुग्णाचे चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखू लागली आणि डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. प्रतिकारशक्ती कमी पडल्याने जडलेल्या आजारात तीच शक्ती दाबणारे औषध कशासाठी, असे घरचे विचारतात. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद :

सर, जंतू ओळखला जातो. प्रश्न आहे तो त्यानंतर पेशी कोणता मार्ग धरते याचा. जंतूच्या आवरणावर पीजीएल-१ नावाचा मेदयुक्त शर्करा-पदार्थ असतो. त्यावर रक्तातील पूरक प्रथिने चिकटतात आणि मॅक्रोफेज त्या प्रथिनांना पकडणाऱ्या, आपल्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणूंमार्फत जंतूला आत घेतो. या वाटेने आत आलेल्या जंतूवर विषारी ऑक्सिजन-संयुगांचा जोरदार मारा सहसा होत नाही. पुढे जंतू पेशीतल्या ज्या पुटिकेत (छोट्या पिशवीत) असतो तिचे पाचक लायसोसोमशी मीलनही तो रोखतो. शिवाय तो पेशीला मेदाचे थेंब साठवायला लावतो आणि त्यांवर पोसतो. लेप्रोमॅटस, म्हणजे शरीरात जंतू पुष्कळ असलेल्या प्रकारच्या, रुग्णांच्या त्वचेत दिसणाऱ्या फेसाळ पेशी त्या याच.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. २०१३ मध्ये लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेचे नमुने तपासले, तेव्हा लेप्रोमॅटस प्रकारात इंटरफेरॉन-बीटा आणि त्याच्यामुळे तयार होणारे इंटरल्युकिन-१० ठळकपणे आढळले. इंटरफेरॉन-बीटा हा मुख्यतः विषाणूंविरुद्धचा इशारा आहे. तो चुकीच्या प्रसंगी वाजला की प्रतिकार शांत करणारे इंटरल्युकिन-१० वाढते आणि इंटरफेरॉन-गॅमा या मॅक्रोफेजला चेतवणाऱ्या इशाऱ्याने सुरू होणारी, ड जीवनसत्त्वावर अवलंबून असलेली जंतुनाशक प्रथिने बनवण्याची प्रक्रिया दबते. म्हणजे आपल्याच संरक्षणयंत्रणेचा एक भाग दुसऱ्याला अडवतो आणि त्यात जंतूचे फावते. ट्युबरक्युलॉइड प्रकारात इंटरफेरॉन-गॅमाची बाजू वरचढ असते, म्हणून तिथे चट्टे मोजके आणि जंतू अत्यल्प असतात. (यावरून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी कुष्ठरोग बरा होतो, असा अर्थ कृपया वर्गात कोणाला काढू देऊ नका.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना असे सांगता येईल की औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष त्वचेत आणि नसेत बराच काळ राहतात. आपण वर्णन केलेला प्रकार पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनसारखा दिसतो. तीत प्रतिकारशक्ती एकाएकी जागी होऊन या अवशेषांवर तुटून पडते, आणि नसेच्या घट्ट आवरणात सूज आली की नसच दबते. प्रेडनिसोलोन जंतूंवर चालत नाही. ते ही सूज उतरवून नस वाचवण्यासाठी असते, आणि जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी एमडीटी सोबतच चालू राहते. पाकिटातल्या गोळ्यांनीच हे झाले असे समजून रुग्णाने त्या सोडल्या, तर जिवंत उरलेल्या जंतूंना मोकळीक मिळते. स्टेरॉइडही मनाने बंद करू नये, कारण मात्रा डॉक्टर हळूहळूच उतरवतात.

आशाताईंना रेणूंची नावे सांगितली नाहीत तरी चालेल, परंतु करंगळी वळत नसेल, पापणी पूर्ण मिटत नसेल किंवा पाऊल लोंबत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी केंद्रात न्यावे, हे अवश्य लिहून द्या. नस दबल्यावर जितका उशीर होईल तितकी गेलेली ताकद परत येण्याची शक्यता कमी होते.